जोतीराम आणि आमचा पट्टेवाला

जोतीराम आमच्याकडे कामाला आला तो एकोणीसशे शेहेचाळीसच्या भाद्रपदात. फाटकाबाहेर किती वेळ उभा होता कोण जाणे. मी शाळेत जायला निघाले तेव्हा दिसला. अंगात पलटणीचा खाकी शर्ट, पायांत जाड बूट, वय अठ्ठावीस-तीस, आणि दोन्ही हात काखेत दाबून धरलेले. मला वाटलं, थंडी वाजते आहे.

माझे वडील, गंगाधर तात्या, ओसरीवर बसले होते. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू जात होती. मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. बागेसाठी दुसऱ्याचे हात हवे होते, म्हणून तात्यांनी चार लोकांना माळी बघायला सांगितलं होतं.

"माळीकाम येतं का?" तात्यांनी विचारलं.

"शेतातलं समदं येतं," तो म्हणाला. मग खाली बघून हळूच म्हणाला, "पर कुदळ मारायला जमत न्हाई."

"कुदळ न मारणारा माळी मी आज पहिल्यांदाच बघतो आहे," तात्या हसून म्हणाले. "ये आत."

त्यांनी कारण विचारलं नाही. आम्हाला कळायला दोन महिने गेले.

आमचं घर सांगलीहून हरिपूरला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. साधं कौलारू, पुढे ओसरी, मागे अर्धा एकर बाग. बागेच्या टोकाला शेजारच्या भाऊसोंचा ऊस लागायचा. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात तात्या आणि मी, दोघंच. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. बागेत मोगरा होता, शेवंती होती, पण तात्यांचा जीव होता तो एका गुलाबात. माझा जन्म झाला त्या वर्षी महाबळेश्वरच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून त्यांनी त्याचं कलम आणलं होतं. फिक्या गुलाबी पाकळ्या आणि त्यांवर जांभळट लाल पट्टे, कुणी ओला कुंचला झटकल्यासारखे. कुठल्याही दोन फुलांवरचे पट्टे सारखे नसत. वास असा की ओसरीपर्यंत यायचा. त्याचं इंग्रजी नाव काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तात्या त्याला 'आमचा पट्टेवाला' म्हणायचे, कचेरीतल्या शिपायाला म्हणतात तसं.

जोतीरामला तात्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या झाडापुढे बसवलं.

"हे बघ. मुळात हा साधा लाल गुलाब. कधीतरी त्याच्या एका फांदीला वेड लागलं आणि पट्टे आले. ते वेड आपण जपायचं. झाड मात्र सारखं शहाणं व्हायला बघतं. मधूनच एखादी फांदी साधी लाल फुलं देते. ती जोमदार असते. ठेवलीस तर चार वर्षांत सगळं झाड खाऊन टाकते. दिसली की बुडातून काढायची. आणि खालचा खुंट जंगली आहे. त्याला फुटवा आला तर तोही काढायचा. सात पानांची डहाळी म्हणजे जंगली, पाच पानांची म्हणजे आपली."

"आन चुकून चांगली कापली तर?"

"तर मी रडेन," तात्या म्हणाले.

जोतीरामनं हे खरंच मनावर घेतलं. छाटणीच्या दिवशी तो हातात कात्री घेऊन पाऊण तास नुसता बसून होता. हात थरथरायचे, म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवायचा, श्वास धरायचा आणि मगच कात्री लावायचा. कापलेल्या टोकाला चुना-मोरचूद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पुन्हा प्रत्येक टोक बघायचा. एवढं जपून कुणी काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याला फुलांची आवड होती म्हणून नव्हे. आपल्या हातून काहीतरी मरेल, ही त्याची भीती होती.

दिवाळीच्या आसपास एक दिवस तो आळ्यातलं तण काढत होता. मी फुलं तोडायला निघाले होते. खुरपं कशावर तरी आपटून टण्ण वाजलं, आणि जोतीराम ओरडला, "ताई, हलू नका! हाय तिथंच ऱ्हावा!"

मी जागच्या जागी थिजले. साप असणार असं वाटलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावरून घाम ओघळत होता. तो तसाच ओणवा, एक हात वर धरलेला. मग त्यानं पालथं पडून एक काडी घेतली आणि माती तिरकी टोचायला लागला. अगदी हलकी, बोटभर अंतरावर, पुन्हा बोटभर अंतरावर. मी उन्हात उभी. काय चाललंय कळत नव्हतं, पण त्याचं भय माझ्या अंगात उतरलं होतं. पाय उचलायची छाती होत नव्हती. शेवटी मातीतून कौलाचा एक तुकडा निघाला. तो हातात धरूनच जोतीरामनं खाली बसकण मारली.

संध्याकाळी त्यानं तात्यांना सांगितलं. मी दाराआड होते. तो इटलीत लढला होता. जर्मन लोक मागे हटताना वाटेत, शेतात, मळ्यात सुरुंग पुरून जायचे. पुढे जाणाऱ्यांसाठी जमीन टोचून बघायचं काम याच्या तुकडीकडे होतं. शेजारच्या गावचा ज्ञानू नावाचा दोस्त त्याच्याबरोबर होता. एका द्राक्षाच्या मळ्यात ज्ञानू घड तोडायला दोन पावलं पुढे गेला.

"ती जागा मीच तपासली व्हती, तात्या," जोतीराम म्हणाला. "मी म्हनलं व्हतं, जा गड्या, साफ हाय."

युद्ध संपल्यावर तो पाटणजवळच्या आपल्या गावी गेला. नांगराचा फाळ दगडाला घासला की तो शेतातून पळून यायचा. गाव हसायला लागलं. थोरला भाऊ मानसिंग एकदा वैतागून म्हणाला की असला गडी काय कामाचा. बायकोला, शालूबाईला, माहेरी ठेवून तो निघाला, पलटणीतल्या नानासोनं बोलावलं म्हणून सांगलीला आला.

तात्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "खुरपं ठेव. काडीनंच टोचत जा. गुलाबाच्या मुळांना तेच बरं."

हा नानासो दोनतीनदा आमच्याकडे आला होता. जोतीरामचा पलटणीतला सोबती, कवलापूरकडचा, उंच आणि मोठ्यानं हसणारा. चहा पिताना जोतीरामच्या कपाची बशी वाजायची, तेव्हा म्हणायचा, "तात्या, पलटणीत आमी ह्याला लटपट्या म्हनायचो. गोळी न्हाई, तोफ न्हाई, तरी ह्यो आपला लटपटतोयच." एकदा तात्यांनी त्याला पट्टेवाल्याचं फूल दिलं होतं. ते पागोट्यात खोवून तो गेला होता.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत झाड असं फुललं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तात्यांना आता फूल दिसायचं ते डोळ्यापाशी आणून, एका कडेनं. जोतीराम रोज एक घेऊन यायचा आणि तात्या त्यावरचे पट्टे मोजायचे.

महिना संपायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, शेजारच्या रेडिओवर गांधीजींना मारल्याची बातमी आली. तात्या त्या रात्री जेवले नाहीत. मारणारा आमच्या जातीचा होता, हे शनिवारी सगळ्यांना कळलं, आणि तेवढं पुरेसं झालं. दुपारपासून गावाच्या बाजूला धूर दिसायला लागला. आधी एक, मग तीन, मग मोजता येईनात. रस्त्यानं कुणी ओळखीचं जाताना आमच्या घराकडे न बघता जायचं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रविवारी दुपारी आवाज आला. तो कशासारखा होता ते मला आजही सांगता येत नाही. जत्रेचा असतो तसाच, पण त्यात बायकामुलं नव्हती. जोतीराम मागच्या दारानं आत आला.

"तात्या, उठा. उसात जायाचं."

"मी कुणाचं काय केलंय?" तात्या खुर्चीवरून हलेनात. "या गावातली निम्मी मुलं माझ्या हाताखाली शिकलीत. येऊ देत. मी बोलतो त्यांच्याशी."

मी विनवण्या केल्या, रडले. ते ऐकेनात. आवाज वळणाशी आला होता. तेव्हा जोतीराम त्यांच्या पायाशी खाली बसला. त्याचे दात वाजत होते.

"तात्या, मला लय भ्या वाटतंय. माझ्यानं एकट्याला जाववत न्हाई. तुमी माझ्यासंगं चला."

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा कसा हलत होता ते त्यांना कळलं असावं. ते उठले.

आम्ही बागेतून पळालो. पट्टेवाल्याच्या काट्याला माझा पदर अडकला आणि फाटला. बांध ओलांडताना तात्यांच्या पायातली एक वहाण निसटली. परत वळायला वेळ नव्हता. आदल्या दिवशी भाऊसोंनी उसाला पाणी दिलं होतं. जोतीरामनं आम्हाला एका ओल्या सरीत, चिखलात बसवलं. "ठिणगी पडली तर हितलं लवकर पेटणार न्हाई," तो कुजबुजला. तोवर ऊसही पेटू शकतो हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. डोक्यावर सगळा वाळका पाला. त्यानंतर वाऱ्याची प्रत्येक झुळूक मला ज्वाळेसारखी वाटली.

काचा फुटल्या. कपाट आपटल्याचा आवाज आला. मग रॉकेलचा वास, मग धूर. काळी कात्रणं उडत उसावर पडायला लागली. एक माझ्या हातावर पडलं. तात्यांच्या चित्रांच्या कागदाचं होतं ते, जाड. मी ते मुठीत चुरडलं. तात्यांनी हळूच विचारलं, "कौलं पडतायत का?" मी म्हटलं, "नाही." खरं तर पडत होती.

जोतीराम आमच्यापासून पाचसहा हातांवर, बांधाच्या बाजूला बसला होता. अचानक बांधापलीकडून आवाज आला.

"जोती! आत हायस न्हवं? तुझा बूट दिसतोय. भाईर ये."

नानासो होता. मी तोंडात पदर कोंबला. जोतीरामनं आमच्याकडे पाहिलं, बोटानं 'खाली' अशी खूण केली आणि उसातून बाहेर गेला. पुढचं सगळं मला ऐकू येत होतं.

"म्हातारा कुठाय? आन त्येची लेक?"

"ग... गेली. सकाळीच. मिरजेच्या गाडीनं."

"मग तू उसात काय करतोयस?"

"भ्यालो... भिऊन लपलो."

दुसरा कुणीतरी म्हणाला, "खोटं बोलतोय ह्यो. बघा की, कसा थरथरतोय."

मी तात्यांचा हात घट्ट धरला.

मग नानासो मोठ्यानं हसला. "अरं, ह्यो कायमचाच थरथरतोय! इटलीत बी असाच व्हता. ह्याच्या थरथरण्यावर जाशील तर रोज एक चोर सापडंल तुला. चला रं, हितं काय न्हाई."

पावलं दूर गेली. जोतीराम मात्र बराच वेळ आत आला नाही. तो बांधावर पालथा पडून होता. तात्यांची वहाण नानासोच्या पायाशी पडली होती, हे त्यानं नंतर सांगितलं. नानासोनं ती पायानं उसात ढकलली आणि मगच 'चला' म्हणाला. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. या माणसाबद्दल काय वाटून घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊसोंनी दिवस मावळायच्या आत आम्हाला आपल्या घरी नेलं. चार दिवसांनी त्यांच्याच बैलगाडीतून मिरज स्टेशन. जायच्या आधी तात्यांनी घर बघायचा हट्ट धरला. त्यांना दिसणार नव्हतं, तरी. भिंती उभ्या होत्या, बाकी काही नव्हतं. छपराचा जळका वासा मागच्या बाजूला गुलाबावर पडला होता. झाडाचे काळे खुंट तेवढे उरले होते.

"पट्टेवाला?" तात्यांनी विचारलं.

जोतीराम म्हणाला, "जळालाय, तात्या."

"राहू दे," तात्या म्हणाले. पुण्यात माझ्या मामांच्या दोन खोल्यांत आल्यावर त्यांनी बागेचं नाव काढलं नाही.

जोतीराम मागे राहिला. भाऊसोंच्या उसाची राखण करायचा आणि रोज सकाळी दोन घागरी पाणी त्या काळ्या खुंटाला घालायचा. तिथं जायला तो भ्यायचा. जळक्या घराशी दिसलो तर लोक म्हणतील लुटायला आलाय, पोलीस म्हणतील जाळणाऱ्यांतला आहे. एकदा पोलिसांनी दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. थरथरतोय म्हणून संशय घेतला. भाऊसोंनी जाऊन सोडवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घागरी घेऊन गेला.

चैत्रात फुटवा आला. हिरवागार, जोमदार. जोतीरामनं पानं मोजली. सात.

तो जंगली फुटवा बुडातून काढायचा तर माती उकरायची, आणि त्या मातीत आता काय नव्हतं? खिळे, कड्या, कौलं, काचा. काडी टोचली की टण्ण. तो पळून जायचा. पुन्हा यायचा. पुन्हा टण्ण. सात दिवस असं चाललं. फुटवा रोज बोटभर वाढत होता आणि तो वाढेल तसं आतलं खरं झाड मरणार, हे त्याला ठाऊक होतं. आठव्या दिवशी तो तिथं पालथा पडला आणि ज्ञानूला मोठ्यानं हाका मारत माती उकरत राहिला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. दुपारी फुटव्याचं मूळ हाती लागलं. त्यानं ते उपटलं, आणि तिथेच त्याला वांती झाली.

पावसाळ्यात कलमाच्या जोडाच्या वरून एक बारीक कोंब आला. पाच पानांचा. कार्तिकात त्याला कळी धरली. ती उमलली तेव्हा फूल साधं लाल होतं. एकही पट्टा नव्हता.

भाऊसोंकडून लिहून घेतलेलं त्याचं कार्ड पुण्याला आलं. मी तात्यांना वाचून दाखवलं. "झाड जगलं पण येडं ऱ्हायलं न्हाई. माझी चूक झाली असंल. फांदी एकच हाय. कापू का ठेवू?"

जवळजवळ वर्षानं तात्या बागेबद्दल बोलले. मला लिहायला सांगितलं: "एकच फांदी असेल तर कापू नये. चूक तुझी नाही. वाट पाहा."

एकोणपन्नासच्या डिसेंबरात एका सकाळी जोतीराम आमच्या पुण्याच्या दारात उभा राहिला. रात्रभर गाडीत तांब्यात फांदी धरून आला होता. गर्दी, शिट्ट्या, बोगदे, सगळ्यानं अर्धमेला झाला होता. फांदीवर एक फूल होतं.

तात्यांना तोवर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी फूल हातात घेतलं, वास घेतला, पाकळ्यांवरून बोट फिरवलं.

"पट्टे आहेत?"

मी 'हो' म्हणणारच होते. जोतीराम आधी बोलला. "अर्ध्या फुलाला हायेत, तात्या. अर्धं साधंच हाय."

"कुठल्या अंगाला?"

जोतीरामनं त्यांचं बोट धरून त्या बाजूला ठेवलं. बोट तिथून न हलवता तात्यांनी कलम कसं बांधायचं ते सांगायला सुरुवात केली: त्याच अंगाच्या पानाच्या बेचक्यातला डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, घ्यायचा, दुसऱ्या अंगाचा चुकूनही नाही, जंगली रोपाची साल एवढी चिरायची, डोळा तिच्यात बसवायचा, सुतळी अशी बांधायची. जोतीरामनं सगळं तीनदा म्हणवून घेतलं आणि तिसऱ्या प्रहरच्या गाडीनं परत गेला.

त्यानं तीन डोळे भरले. दोन वाळले, एक लागला. तात्या त्या उन्हाळ्यात गेले. कलम लागल्याचं कार्ड त्यांना ऐकायला मिळालं होतं, फुलाचं नाही.

जोतीराम मग ते कलम घेऊन गावी परतला आणि शालूबाईला माहेराहून घेऊन आला. मी सांगलीला पुन्हा गेले नाही. पण पुढच्या मार्गशीर्षात पाटणची एसटी पकडून त्यांच्याकडे गेले. अंगणात कमरेएवढं झाड होतं आणि त्यावर दोन फुलं होती, दोन्ही पूर्ण पट्ट्यांची. जोतीरामनं एक तोडून मला दिलं. तोडताना हात तसेच हलत होते. दुसरं शालूबाईनं कुणाला न विचारता अंबाड्यात खोवलं.

"वास लय ग्वाड हाय ह्येचा," ती मला म्हणाली, "पर रंग काय धड न्हाई बघा. धुऊन विटलेल्या लुगड्यागत दिसतोय."